चंद्रीचा रवंथ चालू आहे तोवर

आवाज कमी करणं हा आमचा धंदा, आणि तो करताना दिवसभर आवाज करावा लागतो. नगरला स्टेशन रोडवर आमचं सायलेन्सर बनवायचं दुकान आहे. संपादकांनी सुचवलं होतं की पुरुषांच्या धंद्यात बाई म्हणून काय अनुभव आले ते लिहा. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. आपल्याला कोण ठोकतंय हे पत्र्याला कळत नाही, आणि गिऱ्हाइकाला गाडी कधी मिळणार एवढंच हवं असतं. त्यापेक्षा बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मोटारींच्या शर्यतीचा आवाज एका गाईकडून तपासून घेतला होता, ते सांगते.

आधी मी या दुकानात कशी आले ते. यजमान पत्र्याचे कारागीर. वर्षानुवर्षं डोक्याशी हातोडा चालवून त्यांचे कान गेले. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, भाऊ, गाडी खरखरते. आणि भाऊंना ना गाडीची खरखर ऐकू यायची ना गिऱ्हाइकाची तक्रार. म्हणून मी दुकानात आले ती कान म्हणून. गिऱ्हाइकाचं ऐकायचं, गाडीचं ऐकायचं आणि यजमानांना खुणेनं सांगायचं. गॅस वेल्डिंग नंतर शिकले, कारण नुसतं ऐकत बसायचा मला कंटाळा आहे.

यजमानांनी स्वतःची वेगळी रीत काढली होती. चालू गाडीच्या मागच्या नळीसमोर ते तळहात धरायचे. बाहेर पडणारी हवा हाताला फुंकरीसारखी लागली तर काम चांगलं, टपल्या बसल्यासारखी लागली तर वाईट. कितवा सिलिंडर चुकतोय हेसुद्धा ते हातावरून सांगत. मी कानानं तपासायची, ते हातानं. दोघांचं जमलं तर गाडी द्यायची, नाहीतर पुन्हा उघडायची.

सायलेन्सर म्हणजे गाडीच्या पोटाखालचा डबा. इंजिनात पेट्रोलचा एकामागून एक भडका उडत असतो. त्याचा धूर तसाच बाहेर सोडला तर प्रत्येक भडका फटाक्यासारखा वाजतो. डब्यात आडवे पडदे घालून त्या धुराला वळणं घ्यायला लावली की आवाज पडतो. पण जितकी वळणं जास्त तितका धूर तुंबतो आणि इंजिन गुदमरतं. आवाजही कमी हवा आणि जोरही जायला नको, यातली वाट काढणं म्हणजे आमचं काम. बाकी पत्रा वाकवणं कुणालाही येतं.

माणसं मात्र नाना तऱ्हेची. एक डॉक्टर मुद्दाम गाडीचा आवाज थोडा वाढवून घ्यायचे, म्हणजे त्यांची गाडी कोपऱ्यावर आली की दवाखान्यातला कंपाउंडर जागा व्हायचा. एक शाळा तपासणारे साहेब जीपचा आवाज अजिबात नको म्हणायचे. त्यांना गावात कुणाला न कळता पोहोचायचं असे. दोघांचंही काम आम्ही मनापासून केलं. पुण्याला एका कारखान्यात आवाज मोजायचं यंत्र हल्ली मी पाहिलं. काटा बघून मला बरंच वाटलं. गाय घेऊन पुण्याला जाता येत नाही.

तर दुष्काळ. तलाव आटले होते, आणि नगरपासून थोड्या अंतरावरच्या एका तलावाच्या भरावाखाली गुरांची छावणी पडली होती. तलावाच्या पोटात एक विहीर होती, तिला अजून पाणी होतं, म्हणून छावणी तिथं. चारा मात्र लांबून आणावा लागे आणि तो पुरत नसे. गावातल्या गॅरेजवाल्यांचं एक मंडळ होतं. त्यांनी ठरवलं की मोटारींची शर्यत लावायची आणि तिकिटाच्या पैशातून छावणीला चारा द्यायचा. गाड्या रस्त्यावर रोज धावतात त्याच, अँबॅसिडर, फियाट, जुन्या लँडमास्टर. इंजिनात काही वेगळं बसवायचं नाही, फक्त मागची सीट काढायची परवानगी. जागा म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच आली, ती म्हणजे तलावाचा कोरडा, सपाट, कडक तळ. ज्यांच्यासाठी शर्यत ती जनावरं तळाच्या काठावरच बांधलेली आहेत, याचा विचार कुणी केला नाही. माणसं तेवढी पोहोचवायची कशी, एवढंच बोलणं झालं.

पहिल्या सरावाला सगळे सायलेन्सर काढून आले. गॅरेजवाल्यांची ती श्रद्धाच आहे, डबा काढला की गाडी पळते. गाड्या छावणीच्या बाजूच्या वळणावर आल्या आणि जनावरांनी दावी तोडली. एक बैल खुंटासकट रस्त्यापर्यंत गेला. छावणीचं सगळं बघणारे कोंडीबा अण्णा काठी घेऊन थेट गाड्यांच्या आडवे उभे राहिले. साठीच्या पुढचे, वाळलेले, पण आवाज भरावाच्या पलीकडे जाईल असा. त्यांनी विचारलं, आमच्याच जनावरांच्या चाऱ्यासाठी आमचीच जनावरं बुजवायची हा कुठला न्याय.

मामलेदार साहेबांनी शर्यत रद्दच केली होती. मंडळाच्या लोकांनी हातापाया पडून आणखी एक सराव मागितला. साहेबांची अट सरळ होती : एकाही जनावरानं दाव्याला हिसका दिला तर शर्यत नाही आणि चाराही नाही. मंडळाचे लोक मग आमच्या दुकानात आले. त्यांच्यात प्रकाशशेठ होते. वडिलांच्या ट्रकचा मोठा धंदा, आणि त्या ट्रकच्या सायलेन्सरचं काम म्हणजे आमचं निम्मं दुकान. प्रकाशशेठची लँडमास्टर सगळ्यांत वेगात होती आणि ते त्यांना माहीत होतं.

“वहिनी डबे बसवतील,” ते बाकीच्यांना म्हणाले, “मग आपण बैलगाड्यांची शर्यत लावू. बैल आहेतच तिथं.”

मी म्हटलं, डबे बसवते, गाड्याही पळतील, आणि माझा डबा असताना जनावर उठलं तर पुन्हा माझ्याकडे एकही गाडी आणू नका. बोलून गेले. बोलल्यावर यजमानांना खुणेनं सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच पत्रा कापायला घेतला.

दोन गाड्यांना आम्ही चांगले पडद्यांचे डबे बसवले. एक रफिक मिस्त्रीची जुनी फियाट. रफिकचं पुणे रस्त्याला लहानसं गॅरेज होतं, आणि नवं काही करून बघायला तो नेहमी पहिला. माझ्या कानाला आवाज अगदी पडला होता. तरी साहेबांच्या सरावाआधी आम्हीच तलावात नेऊन बघितलं, तर जनावरं उठलीच. शिवाय रफिकची गाडी चढाला आल्यासारखी धापा टाकायला लागली. आवाजही हरला आणि जोरही. मी वळणाजवळच्या दगडावर बसले.

कोंडीबा अण्णा शेजारी येऊन बसले. त्यांना माझ्यावर राग नव्हता, शर्यतीवर होता. विहिरीवर पाण्याचं डिझेल इंजिन चालू होतं, कानठळ्या बसवणारं. त्यांनी काठीनं तिकडे दाखवलं. इंजिनाला लागूनच दहा-बारा म्हशी डोळे मिटून बसल्या होत्या.

“त्ये इंजिन दिसभर बोंबलतंय,” अण्णा म्हणाले. “एक जनावर मान वर करीत न्हाई. का? त्ये एकसारकं बोंबलतं. तुमच्या गाड्या मधीच गप व्हत्यात आन् मधीच फाट्‌कन वाजत्यात. आवाजाचं काय न्हाई बाई, दचका वाईट हाय.”

मी उठून वळणावर गेले आणि रफिकला पुन्हा पुन्हा गाडी न्यायला सांगितली. अण्णांचं बरोबर होतं. वळणावर ड्रायव्हर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो, त्या क्षणी नळीत फट् असा आवाज होतो. न जळलेलं पेट्रोल गरम नळीत जातं, जोडाच्या फटीतून बाहेरची हवा आत शिरते आणि तिथंच भडका उडतो. मी डब्यात काय आहे ते बघत बसले होते. चूक जोडांत होती.

मग आम्ही तीन गोष्टी केल्या. सगळे जोड नव्यानं बसवून एकही फट राहणार नाही असं केलं, आणि प्रत्येकाला कार्बोरेटरमधून पेट्रोल कमी करायला लावलं. आणि डब्याचं पोटच बदललं. आडवे पडदे काढून टाकले, मधून सरळ नळी घातली, नळीला भोकं पाडली आणि नळी व डबा यांच्यामध्ये लेथवर लोखंड कातताना निघतो तो कुरळा किस ठासून भरला. धुराला वाट सरळ, म्हणून इंजिन गुदमरत नाही. आवाजातला कर्कशपणा भोकांतून किसात जातो आणि तिथंच मरतो. उरते ती जाड, एकसारखी घरघर. विहिरीवरच्या इंजिनासारखी. गावातल्या सगळ्या लेथवाल्यांच्या दुकानांतून आम्ही तो किस पोत्यांनी आणला. ते हसत होते, भंगार कोण विकत घेतं म्हणून.

रफिकची फियाट पहिली झाली. यजमानांनी नळीसमोर हात धरला आणि मान डोलावली. मी ऐकलं आणि मान डोलावली.

आता तपासणी कशी करायची हा प्रश्न. मामलेदार साहेब म्हणत, जनावरानं हिसका दिला की थांबवू. अण्णा म्हणाले, एकानं हिसका दिला की बाकीची मागोमाग उठतात, मग काय थांबवणार. “जनावर बुजायच्या आदी रवंथ थांबिवतं. तवाच थांबलात तर उपेग.” वळणाच्या कडेला लोकांना अडवायला लावलेल्या दोराजवळ एक गाय बांधायची, तिच्यावर नजर ठेवायची, असं त्यांनी सुचवलं. त्यावर गाय कोणती यावरून वाद झाला. प्रकाशशेठना एक म्हातारी गाय पसंत होती, तोंडाशी डबा वाजवला तरी न हलणारी. अण्णांनी ती साफ नाकारली आणि चंद्री आणली, कपाळावर पांढरा चांद असलेली खिल्लार. लई भित्री न्हाई आन् लई निबरबी न्हाई, असं तिचं वर्णन त्यांनी केलं.

हे सगळं बोलणं चालू असताना यजमान आपले चंद्रीजवळ बसले होते. ऐकू येत नसलेला माणूस बैठकीत कंटाळतो. त्यांनी सहज तिच्या जबड्याखाली तळहात धरला होता, नळीसमोर धरायचे तसाच. रफिकची गाडी वळणावरून गेली. यजमान मोठ्यांदा म्हणाले, ते नेहमीच मोठ्यांदा बोलत, “चालू आहे.”

मामलेदार साहेब पुढे येऊन वाकून बघायला लागले. मग म्हणाले, ठीक आहे, ही रवंथ करतेय तोवर शर्यत चालू. हे हात वर करतील तेव्हा जिच्यामुळे रवंथ थांबला ती गाडी बाद. निशाण बाईंच्या हातात.

प्रकाशशेठ हसले. “गाईला विचारून शर्यत. आणि तपासायला बहिरा माणूस.”

“त्यांना ऐकू येत नाही,” मी म्हटलं, “म्हणून त्यांना फसवता येत नाही.”

शर्यतीच्या दिवशी भरावावर मुंगी शिरायला जागा नव्हती. लाउडस्पीकर अण्णांनी आधीच उतरवायला लावला होता. लोकांना ओरडू नका असं सांगितलं होतं, आणि नगरची माणसं ओरडू नका म्हटल्यावर जितकी गप्प बसतील तितकी बसली होती. चंद्री गर्दीकडे पाठ करून बसली होती. यजमान तिच्याजवळ, मी दोराशी लाल फडकं घेऊन. सकाळी प्रत्येक गाडीखाली मी स्वतः शिरून जोड आणि डबे बघितले होते. सगळे ठीक होते.

गाड्या सुटल्या. त्या वळणावर आल्या तेव्हा मी गाड्यांकडे बघितलंच नाही, यजमानांच्या खांद्याकडे बघत होते. खांदा हलला नाही. दुसऱ्यांदा आल्या, हलला नाही. धुळीतून ती जाड घरघर येत होती, जात होती, आणि चंद्रीचा जबडा गोल फिरत होता. तलावाच्या पोटात एवढ्या गाड्या जीव खाऊन पळताहेत आणि पन्नास पावलांवर गुरं डोळे मिटून बसली आहेत. हे आमच्या हातांनी झालं, एवढंच त्या वेळी मनात आलं. आणखी काही यायला वेळ नव्हता.

प्रकाशशेठ पुढे होते, रफिक त्यांच्या मागे. पुढच्या फेरीला लँडमास्टर माझ्यासमोरून गेली आणि मला साबणाचा वास आला. कपड्याचा साबण तव्यावर पडल्यावर येतो तसा. मला लगेच कळलं. पेट्रोलची टाकी गळायला लागली की मेकॅनिक भोकात साबण दाबून तात्पुरतं काम चालवतात. इथं डब्याला खालून पंचनं भोकं पाडली होती आणि ती साबणानं बुजवून वर ग्रीस-माती फासली होती. सकाळी थंड डब्यावर दिसणार नाही, डबा तापला की साबण वितळेल आणि गाडी मोकळी होईल, असा हिशेब. पण टाकी थंड असते आणि डबा तापतो, एवढाच विचार त्यांनी केला. भोकातून हवा आतही शिरते, हा केला नाही.

पुढच्या वळणावर त्यांनी पाय उचलला. फट्. मागोमाग आणखी एकदा, मोठ्यानं. यजमानांचा हात वर गेला.

भरावावर, मामलेदार साहेबांच्या शेजारी, प्रकाशशेठचे वडील बसले होते. त्यांचे ट्रक म्हणजे आमचं निम्मं दुकान, हे मी वर सांगितलंच आहे. मी निशाण दाखवलं. प्रकाशशेठनी ते पाहिलं, मान वळवली आणि निघून गेले. छावणीत तोवर चार-पाच जनावरं उभी राहिली होती. अण्णा आणि त्यांची माणसं दाव्यांना धरून होती. आणखी एक फेरी अशी झाली तर अख्खी छावणी उठणार, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

मी दोराखालून आत गेले आणि वळणावर फडकं धरून उभी राहिले. लँडमास्टर आली. ब्रेक लागले, गाडी आडवी घसरली आणि माझ्यापासून बऱ्यापैकी अंतरावर थांबली. मी हातानं खूण केली तसं त्यांनी इंजिन बंद केलं. बाकीच्या गाड्या बाजूनं निघून गेल्या.

“वहिनी, मेला असता,” प्रकाशशेठ म्हणाले.

“ब्रेकचं काम आमच्याकडे केलेलं नाही,” मी म्हटलं, “म्हणून जरा काळजी वाटली.”

आम्ही गाडी ढकलून कडेला घेतली. मागे यजमान पुन्हा चंद्रीजवळ बसले होते. थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला, “चालू आहे.” उभी राहिलेली जनावरं एकेक करून बसली. शर्यत पुरी झाली. रफिकची फियाट पहिली आली. प्रकाशशेठचे वडील भरावावरून खाली उतरले, धोतर सावरून लँडमास्टरखाली वाकले, बोटानं डब्याला लागलेलं पुसून त्याचा वास घेतला. गाडीत बसून निघून गेले.

त्यानंतर त्यांचा एकही ट्रक दुकानाकडे फिरकला नाही. मी समजायचं ते समजले. निशाण दाखवल्याचं मला वाईट वाटलं नाही, पण दुकानात निम्मी जागा रिकामी दिसायला लागली की माणूस त्या जागेकडे बघतोच. यजमान रिकाम्या वेळात पोत्यातला उरलेला किस निवडत बसायचे. मला ते बघवायचं नाही, म्हणून मी जुनी हत्यारं घासायला काढली.

मग एका सकाळी ट्रकच दारात उभा राहिला. चालवणारे प्रकाशशेठ स्वतः. खाली उतरून त्यांनी टेबलावर पिवळ्या साबणाची एक वडी ठेवली आणि म्हणाले, हात धुवायला. मग म्हणाले, “शर्यतीच्या पैशाचा चारा आलाय. आमच्याच ट्रकमधून जायचाय छावणीत. वडिलांनी सांगितलंय, वहिनींकडे ने, गाईला चालेल असा डबा बसवून घे. बाकीचे ट्रक पण येतील, एकेक.”

ट्रकला तसा डबा आम्ही पहिल्यांदाच केला. मोठ्या इंजिनाला किस जास्त भरावा लागतो, आणि तो उरला होताच. काम संपल्यावर प्रकाशशेठ म्हणाले, चला, तुमच्यासमोरच तपासू. चारा भरून आम्ही दोघं त्यांच्याबरोबर ट्रकमध्ये बसून गेलो.

छावणीजवळ त्यांनी गाडी सावकाश घेतली. पाय उचलला, फट् नाही. आवाज असा, की मला माझ्या बांगड्या ऐकू येत होत्या. मी मनात म्हटलं, हे काम आपलं सगळ्यांत चांगलं. तेवढ्यात समोर चंद्री उठली. तिच्या शेजारची उठली, मग त्यामागची, आणि बघता बघता अख्खी छावणी उभी राहिली, कान टवकारून, दाव्याला हिसके देत. प्रकाशशेठनी ब्रेक दाबला आणि माझ्याकडे बघितलं. यजमानांनीही बघितलं. मी खिडकीतून वाकून नळीचा आवाज ऐकायला लागले, कुठली फट राहिली म्हणून.

कोंडीबा अण्णा काठी टेकत आमच्याकडे आले. ते हसत होते.

“खाली काय बगता बाई,” ते म्हणाले. “आवाजाला न्हाई उठली. चाऱ्याला उठलीत.”